थंडीआधी ती खिडकी उघडा

आमच्या कार्यालयाच्या व्यवस्थापनास, आणि जिथे जिथे बंद खोलीत माणसे तासन्‌तास एकत्र बसतात तिथली व्यवस्था पाहणाऱ्या सर्वांस,

स. न. वि. वि.

माझ्या आजारपणाचा आज चोविसावा दिवस आहे. ताप पाचव्या दिवशी उतरला, घसा आठव्या दिवशी मोकळा झाला. खोकला अजून आहे, आणि जिना चढताना मधल्या वळणावर थांबावे लागते. गेल्या सोमवारपासून मी कामावर येते आहे. घरी पलीकडच्या खोलीत आई झोपून असते. तिचे वय शहात्तर, दमा जुना. तिला कोविड माझ्याकडून झाला. हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडले, म्हणून आता ते सुरुवातीलाच लिहून मोकळी होते.

हे पत्र तक्रार अर्ज म्हणून द्यावे असे आधी मनात होते. पण अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आणि तिथेच राहतो. शिवाय जे आमच्याकडे घडले ते फक्त आमच्याकडेच घडते असे नाही. नवा उपप्रकार पसरू लागल्याच्या बातम्या आहेत, थंडी तोंडावर आली आहे, आणि थंडीत सगळीकडे पहिली गोष्ट होते ती म्हणजे खिडक्या बंद होतात. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असे लिहिते आहे.

त्या दिवशी तिमाही आढाव्याची बैठक होती. वरच्या मजल्यावरची लहान खोली, बारा माणसे, तीन तास. बाहेरचा आवाज नको म्हणून दार लावलेले. खिडकी एकच, तिच्यावर जाड पडदा. मधल्या सुट्टीत मी पडदा सारून खिडकी उघडायला गेले तेव्हा कळले की तिची झडप चौकटीला दोन स्क्रूंनी पक्की केलेली आहे. कोणी, कधी आणि का, हे कोणालाच सांगता आले नाही. मी पडदा पुन्हा ओढून जागेवर येऊन बसले. शेजारचा सहकारी रुमालात तोंड खुपसून खोकत होता. तीनचार वेळा झाल्यावर त्याने स्वतःहूनच सांगितले, ‘ॲलर्जी आहे, दरवर्षी होते.’ तिसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला की चाचणीत कोविड निघाला. आठवडा संपेपर्यंत त्या बारातले आम्ही सातजण अंथरुणावर होतो.

त्या सहकाऱ्यावर माझा राग नाही. त्याच्या रजा लेकराच्या तापात संपल्या होत्या. बैठकीला गैरहजर राहिलो तर त्याची नोंद होते, हे त्याला माहीत होते. आणि त्याला खरोखरच ॲलर्जी असते. घसा खवखवणे, नाक गळणे, शिंका, अंग दुखणे ही आताच्या कोविडची लक्षणे आहेत आणि तीच साध्या सर्दीचीही आहेत. वास आणि चव जाणे हे २०२० साली ओळखीचे लक्षण होते, पण २०२१ च्या अखेरीस आलेल्या ओमिक्रॉन या प्रकारापासून ते पुष्कळ कमी झाले. ‘वास येतोय ना, मग कोविड नाही’ असे आजही लोक एकमेकांना सांगतात आणि निश्चिंत होतात.

आता माझी गोष्ट. बैठकीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी घशात काटे आल्यासारखे वाटले. सहकाऱ्याचा निरोप तोवर यायचा होता. घरात अँटिजेन चाचणीचे किट होते. चाचणी केली, एकच रेघ आली, म्हणजे निगेटिव्ह. आपला नियम असा आहे की कोविडसाठीची वेगळी रजा हवी तर बाधित असल्याचा अहवाल जोडायचा. माझ्याकडे जोडायला काही नव्हते. म्हणून मी आले. दिवसभर तिघींच्या शेजारी बसून काम केले, जेवणाच्या वेळी मास्क काढून गप्पा मारल्या. त्यातल्या एकीच्या वडिलांची केमोथेरपी चालू आहे. दोन दिवसांनी माझ्या चाचणीत दोन रेघा आल्या तेव्हा पहिला फोन मी तिला केला. ती काही बोलली नाही, नुसती ‘बरं’ म्हणाली. पुढचे सहा दिवस ती घरात मास्क लावून, वडिलांपासून लांब वावरली. तिला आणि वडिलांना काही झाले नाही. ते सहा दिवस मात्र मी रोज रात्री तिच्या संदेशाची वाट पाहत होते.

व्यवस्थापनाने नीट समजून घ्यावी अशी एक गोष्ट इथे आहे, कारण तुमचा नियम नेमका तिच्यावरच उभा आहे. साथीच्या पहिल्या वर्षी लक्षणे दिसेपर्यंत शरीरात विषाणूची संख्या भरपूर वाढलेली असे. आता जवळजवळ प्रत्येकाच्या शरीराला या विषाणूची ओळख आहे, लशीमुळे वा आधीच्या संसर्गामुळे. त्यामुळे प्रतिकार लवकर सुरू होतो आणि लक्षणे लवकर दिसतात, पण नाकातल्या विषाणूची संख्या शिखराला पोचते ती त्यानंतर दोनतीन दिवसांनी, बऱ्याचदा लक्षणांच्या चौथ्या दिवसाच्या आसपास. अँटिजेन चाचणीला विषाणू दिसायला तो पुरेसा असावा लागतो. पहिल्या दिवशीची एक रेघ म्हणजे ‘नाही’ नव्हे, ‘अजून दिसत नाही’. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, ऑगस्ट २०२२ मध्येच सांगितले होते की लक्षणे असताना पहिली चाचणी निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी पुन्हा करा. काही किटच्या डब्यातल्या कागदावरही हे लिहिलेले असते.

म्हणजे आपल्याकडे काय होते पाहा. माणूस दुसऱ्याला लागण करू शकतो ते लक्षणांच्या एकदोन दिवस आधीपासून, आणि सर्वांत जास्त ते पहिल्या काही दिवसांत. अहवाल मिळतो तो दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी. रजा मिळते अहवालानंतर. ज्या दिवसांत त्याने घरी असणे सर्वांत गरजेचे, त्याच दिवसांत तुमचा नियम त्याला खुर्चीवर बसवतो. हा नियम कोणी दुष्टपणाने केला असे मी म्हणत नाही. खोटी रजा कोणी घेऊ नये हा त्यामागचा हेतू असणार. पण दोन दिवसांची एक खोटी रजा वाचवताना सात माणसांची प्रत्येकी आठ ते दहा दिवसांची खरी रजा गेली. हिशेबाच्या अंगानेही हे बसत नाही.

आईच्या बाबतीत हेच दोन दिवस फार मोलाचे होते. वयस्क माणसांना आणि जुने आजार असणाऱ्यांना कोविड गंभीर होऊ नये म्हणून तोंडाने घ्यायच्या गोळ्या मिळतात, निरमॅट्रेलव्हिर आणि रिटोनाव्हिर. लक्षणे सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत त्या सुरू कराव्या लागतात, नंतर त्यांचा विशेष उपयोग नसतो. आणि त्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना बाकीची औषधे तपासावी लागतात, कारण रिटोनाव्हिरमुळे अनेक औषधे शरीरात नेहमीपेक्षा जास्त साठतात. आईची कोलेस्टेरॉलची गोळी त्यासाठी काही दिवस बंद ठेवावी लागली. तिला कणकण आली तेव्हा मला स्वतःला काय झाले आहे ते पक्के कळले होते, म्हणून आम्ही तिच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे होतो. मी जर ‘ॲलर्जी असेल’ म्हणत आणखी तीन दिवस काढले असते तर ती वेळ टळून गेली असती. रुग्णालयात न्यावे लागले नाही. पण तिच्या छातीची घरघर दहा रात्री ऐकली आहे मी. श्वास आत जाताना एक आवाज, बाहेर येताना दुसरा, आणि मधे ती उठून बसायची ती उशीला टेकून तशीच पहाटेपर्यंत.

आता हवेविषयी. या पत्राचे मुख्य कारण तेच आहे.

आपल्या प्रवेशद्वारावर अजून हात निर्जंतुक करण्याची बाटली आहे. जमिनीवर सहा फुटांच्या खुणांचे पुसट गोल आहेत. हात धुणे चांगलेच, त्याने पोटाचे कितीतरी आजार टळतात. पण कोविड मुख्यतः हातांवाटे पसरत नाही, हवेतून पसरतो. बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही आपल्या तोंडानाकातून अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. ते इतके हलके असतात की खाली पडत नाहीत, उदबत्तीच्या धुरासारखे खोलीभर पसरून तरंगत राहतात. धूर कोपऱ्यात लावलेल्या उदबत्तीचा असला तरी वास सगळ्या खोलीत येतो. बंद खोलीत सहा फुटांचा काही अर्थ उरत नाही तो यामुळे.

ही गोष्ट मान्य व्हायला फार वेळ लागला, आणि त्या विलंबाची किंमत जगाने मोजली. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जाहीरपणे सांगितले होते की कोविड हवेतून पसरत नाही. त्याच महिन्यात, १० मार्चला, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅलीतल्या एका गायनवृंदाची अडीच तासांची तालीम झाली होती. ६१ जण हजर होते, त्यातल्या एकाला सर्दीसारखी लक्षणे होती. त्यानंतर त्याच्यासह ५३ जण आजारी पडले, दोघांचा मृत्यू झाला. एवढे सगळे खोकल्याच्या मोठ्या थेंबांनी होणे अवघड होते. जुलै २०२० मध्ये लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन या शास्त्रज्ञांनी एक आवाहन प्रसिद्ध केले, त्याला जगभरच्या २३९ शास्त्रज्ञांचा पाठिंबा होता. हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. तेही एका अर्थी खुले पत्रच होते. आरोग्य संघटनेची भाषा पुढे टप्प्याटप्प्याने बदलली, २०२१ च्या अखेरीस हवेतला प्रसार स्पष्ट शब्दांत लिहिला गेला.

खरे तर हवेतून रोग जातो हे त्याच्या साठ वर्षे आधीच सिद्ध करून दाखवले होते. १९५० च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरला विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली या संशोधकांनी क्षयरुग्णांच्या वॉर्डातली हवा नळ्यांतून वरच्या मजल्यावर गिनीपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. प्राण्यांचा रुग्णांशी दुसरा कसलाही संबंध नव्हता, होती ती फक्त हवा. काही प्राण्यांना क्षय झाला. ज्या पिंजऱ्यांकडे जंतू मारणाऱ्या अतिनील प्रकाशाखालून गेलेली हवा जात होती तिथले प्राणी वाचले. आमची बैठकीची खोली आणि ते पिंजरे यांत मला आता फारसा फरक वाटत नाही, आणि हे मी मनापासून लिहिते आहे.

कामावर परतले त्या आठवड्यात मी एक लहान यंत्र विकत घेतले. तळहातावर मावते, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजते. विषाणू ते मोजत नाही, पण खोलीतल्या हवेत दुसऱ्यांच्या फुप्फुसांतून येऊन गेलेली हवा किती आहे याचा त्यावरून चांगला अंदाज येतो. बाहेरच्या हवेत हा आकडा सव्वाचारशे पीपीएमच्या आसपास असतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत सव्वाचारशे. आपल्या उच्छ्वासात तो साधारण ४०,००० असतो. त्याच वरच्या मजल्यावरच्या खोलीत, बुधवारी, नऊ माणसांची बैठक सुरू होऊन दीड तास झाला तेव्हा माझ्या यंत्रावर २,३४० आकडा होता. बाहेरच्या हवेचा आकडा वजा करून भागाकार करा. आम्ही घेत असलेल्या हवेचा जवळजवळ विसावा भाग आधी कोणाच्या तरी छातीत जाऊन आलेला होता. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर दीड तासात तेराशेपन्नास श्वास होतात. आकडा पूर्ण वेळ तेवढाच होता असे धरले तर त्यातले साठसत्तर श्वास आम्ही सरळ एकमेकांचे घेतले म्हणा.

त्या बैठकीत मी यंत्र पिशवीतच ठेवले होते. टेबलावर ठेवायचा धीर झाला नाही. आता वाटते, ठेवायला हवे होते.

खोली गार वाटत होती, म्हणून हवा ताजी आहे असे सगळ्यांना वाटत होते. भिंतीवर बसवलेली एसीची यंत्रे खोलीतलीच हवा आत ओढतात, गार किंवा गरम करतात आणि परत खोलीत सोडतात. बाहेरची हवा ती आणत नाहीत. अनेक शाळांत, शिकवणीच्या वर्गांत, दवाखान्यांच्या प्रतीक्षालयांत हीच गफलत आहे. दवाखान्यांचे तर विशेष वाईट वाटते, कारण तिथे आजारी माणसे आणि नाजूक प्रकृतीची माणसे एकाच कोंदट खोलीत तासभर शेजारी शेजारी बसतात.

यावर उपाय अवघड नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, मे २०२३ मध्ये शिफारस केली की खोलीतली हवा तासाला किमान पाच वेळा बदलली जावी, किंवा फिल्टरने तितकी स्वच्छ तरी व्हावी. याचा अर्थ आकड्यांत असा : तासाला एकदाच हवा बदलत असेल तर तरंगणाऱ्या कणांपैकी ९५ टक्के निघून जायला तीन तास लागतात. पाच वेळा बदलत असेल तर छत्तीस मिनिटे. आमच्या बैठकीत तो सहकारी पहिल्या दहा मिनिटांत उठून घरी गेला असता तरी त्याने सोडलेल्या कणांतले काही बैठक संपेपर्यंत तिथेच राहिले असते, कारण खिडकीला स्क्रू होते.

समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटे उघड्या ठेवल्या, किंवा एक खिडकी आणि दार, तरी फार फरक पडतो. थंडीत गारठा येतो हे मान्य आहे. मग दर तासाला पाच मिनिटे सगळे उघडा, तेवढ्यात भिंती आणि सामान थंड होत नाही, खोली पुन्हा लवकर ऊब धरते. जिथे खिडकीच नाही तिथे हेपा फिल्टरचे हवा शुद्ध करणारे यंत्र ठेवता येते. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी ९९.९७ टक्के अडवतो. तेही परवडत नसेल तर चार चांगले फिल्टर चौकोनात उभे करून वर पंखा बसवलेला एक डबा घरच्या घरी करता येतो. रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल या दोघांनी २०२० मध्ये ही युक्ती काढली, आणि पुष्कळ शाळांत मुलांनी स्वतः तो डबा बनवला. एक खबरदारी सांगते : फिल्टर विषाणूचे कण काढतो, कार्बन डायऑक्साइड काढत नाही. तेव्हा शुद्धीकरण यंत्र लावूनही माझ्या यंत्रावरचा आकडा चढाच दिसला तर ते शुद्धीकरण यंत्र निकामी आहे असे समजू नका.

लस आहे ना, असे तुम्ही म्हणाल. आहे, आणि ती मी घेतली आहे, आईनेही घेतली आहे. तिचा आजार घरच्या घरी निभावला त्यात लशीचा मोठा वाटा आहे असे डॉक्टर म्हणाले, आणि मला ते पटते. विषाणूच्या प्रथिनाची कृती शरीराला देणाऱ्या एमआरएनए लशींच्या पायाभूत शोधासाठी कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांना २०२३ चे नोबेल मिळाले ते रास्तच होते. पण लस गंभीर आजारापासून जितकी राखते तितकी लागण होण्यापासून राखत नाही, आणि लागणीपासूनचे संरक्षण काही महिन्यांतच उतरते. त्यात विषाणू बदलत राहतो. ओमिक्रॉनला नाव मिळाले २६ नोव्हेंबर २०२१ ला. बीए.२.८६ नावाच्या उपप्रकाराच्या पृष्ठभागावरील टोकदार प्रथिनात तीसहून अधिक बदल एकदम झाले होते, तरी तो फार पसरला नाही. त्यात आणखी एक बदल होऊन जेएन.१ झाला, आणि २०२३ च्या डिसेंबरात तो जगभर धावला. पुढच्या वर्षी शरद ऋतूत एक्सईसी आला, तो दोन उपप्रकारांच्या सरमिसळीतून. या वेळच्या नव्या उपप्रकाराचे नाव काय, तो आधीच्यापेक्षा सौम्य आहे का, यावर कार्यालयात रोज चर्चा चालते. मला वाटते आपल्या कामाच्या दृष्टीने ती चर्चा गौण आहे. उपप्रकार कोणताही असो, तो त्याच खोलीतून त्याच हवेतून येतो. खिडकीला अक्षरे आणि आकडे कळत नाहीत.

आणि ‘सौम्य’ या शब्दाबद्दल. ताप तीन दिवस आणि मग बरे, असे अनेकांचे होते, आणि ते चांगलेच आहे. पण काहींचे तसे होत नाही. संसर्गानंतर तीन महिन्यांनीही लक्षणे टिकून असतील आणि त्यांचे दुसरे कारण सापडत नसेल, तर आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार तो लाँग कोविड असू शकतो. कमालीचा थकवा, धाप, विचारांवर धुके साचल्यासारखे वाटणे. त्यातले सर्वांत फसवे म्हणजे श्रमानंतरची घसरण : आज बरे वाटले म्हणून नेहमीइतके काम केले की एकदोन दिवसांनी माणूस पुन्हा कोसळतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो सोमवारी ठणठणीत आणि बुधवारी अंथरुणावर दिसतो. अशा माणसाला ‘सोमवारी तर बरा होतास’ असे कृपा करून म्हणू नका. मला काय होणार हे अजून ठरायचे आहे. जिन्याचे ते मधले वळण मी रोज मोजते.

गेल्या महिन्यातल्या तुमच्या परिपत्रकात लिहिले होते की जगभर नियम शिथिल झाले, आता वेगळे राहण्याची गरज नाही. अर्धे बरोबर आहे. आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, आणि सीडीसीने १ मार्च २०२४ ला पाच दिवस वेगळे राहण्याची शिफारस मागे घेतली. पण त्याच मार्गदर्शनात पुढे असे आहे की लक्षणे असताना घरीच राहा. ताप औषधाशिवाय उतरून आणि एकंदर प्रकृती सुधारून २४ तास होऊ द्या. आणि परतल्यावर पुढचे पाच दिवस मास्क, खेळती हवा, अंतर, चाचणी अशी जास्तीची काळजी घ्या. आणि हे तिथे फक्त कोविडसाठी नाही, फ्लू आणि तशा सगळ्याच आजारांसाठी आहे. परिपत्रकात पहिला भाग आला, दुसरा गळला. तो जोडून परिपत्रक पुन्हा काढावे, ही माझी पहिली विनंती.

दुसरी विनंती रजेची. लक्षणे दिसली की पहिले तीन दिवस माणसाच्या शब्दावर घरी राहू द्या, अहवाल नंतर मागा किंवा मागूच नका. आणि ही सवलत फक्त कायम नोकरांना देऊ नका. आमच्या मजल्यावर सफाई करणाऱ्या ताई कंत्राटी आहेत, न आलेल्या दिवसाचे पैसे त्यांना मिळत नाहीत. त्या बैठकीनंतर खोली त्यांनीच आवरली, आमचे कप त्यांनीच उचलले. पुढच्या आठवड्यात त्या खोकत होत्या आणि रोज येत होत्या. त्यांची चाचणी झाली नाही, म्हणून आपल्या नोंदीत त्या आजारी पडल्याच नाहीत. मी त्यांना चांगले मास्क आणून दिले. त्याहून जास्त काही माझ्या हातात नव्हते, ते तुमच्या हातात आहे.

मास्कविषयी एवढेच की मी सध्या लावून बसते, एन९५, नाकापाशी घट्ट बसणारा. ‘अजून?’ असे रोज कोणीतरी विचारते. हो, अजून. घरी आई आहे. कोणाकोणाच्या घरी कोण आहे हे आपल्याला सांगितलेले नसते, त्यामुळे विचारू नये हे बरे. जिथे आढावा घेणारे वरिष्ठ स्वतः बैठकीत मास्क लावतात तिथे बाकीच्यांना तो लावायला संकोच वाटत नाही.

हे सगळे करून काय होणार, असे कोणी विचारले तर मी यामागाताचे उदाहरण देईन. इन्फ्लुएंझा बी विषाणूची ही एक शाखा होती, वर्षानुवर्षे दर थंडीत फिरणारी, लशीत जिच्यासाठी वेगळा घटक घालावा लागे. मार्च २०२० नंतर ती जगात कुठेच खात्रीने सापडलेली नाही. कोविडसाठी आपण घेतलेल्या खबरदारीच्या काळात ती विझली. सप्टेंबर २०२३ मध्ये आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी तिचा घटक लशीत ठेवण्याची गरज उरली नाही असे सांगितले. एक अख्खा फ्लू संपला, आणि आपण त्याची दखलही घेतली नाही. कोविड तसा संपेल असे मी म्हणत नाही, तो फार जास्त संसर्गजन्य आहे आणि उन्हाळ्यातही लाटा आणतो. पण हवेची काळजी घेतली की तिच्यातून येणारे सगळेच आजार कमी होतात, मुलांच्या सर्दीखोकल्यापासून क्षयापर्यंत.

पुढची आढावा बैठक महिनाअखेरीला आहे, त्याच खोलीत, असा निरोप काल आला. माझी प्रकृती ठीक असली तर मी येईन. कार्बन डायऑक्साइडचे यंत्र या वेळी टेबलाच्या मधोमध ठेवीन, आकडा तुमच्याकडे तोंड करून. तो हजाराच्या वर गेला की मी उठून खिडकी उघडणार आहे. पडद्यामागचे ते दोन स्क्रू तोवर कोणाकडून तरी काढून घ्यावेत.

कळावे,

आपली,
वरच्या मजल्यावरील एक कर्मचारी